तपासले, हा. झि.

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

पाटोळ्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं आणि ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. असल्या माणसाबरोबर पुस्तक काढायला मी आज हो म्हणून बसलोय. माझं डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय.

शांतवन पाटोळे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. निवृत्त पाळक, मूळचे नेवाशाकडचे. चर्चच्या बदल्या संपल्या आणि इथे पिंपरीत येऊन टेकले. माझी बायको फ्लोरा होती तेव्हा ती वरच्या गॅलरीतून आणि हे खालच्या गॅलरीतून, रोज संध्याकाळी दाविदाच्या स्तोत्रांवर बोलत बसायचे. एक बेने इस्रायल यहुदी बाई आणि एक ख्रिस्ती पाळक, आणि विषय बहुतेक एकच, की देव गप्प बसतो तेव्हा माणसाने काय समजायचं. मी आत टीव्ही बघायचो. फारच रंगले तर आवाज वाढवायचो.

फ्लोराला जाऊन जानेवारीत वर्ष होईल. तिची एक निळी वही आहे. शुक्रवारी दुपारी शनिवारच्या शब्बाथचा स्वयंपाक उरकला की ती त्यात एकेका स्तोत्रावर मराठीत लिहायची. आमच्या मुलीने, दीनाने, इस्रायलमधल्या अश्दोदहून फर्मान काढलंय, पप्पा, आईची वही छापायची आणि वरसीला वाटायची. पाटोळे म्हणतात, डाव्या पानावर बाईंचं लिखाण, उजव्या पानावर त्याच स्तोत्रावर माझं, दोन्हींना मिळून एकच आकडा. दीनाला कल्पना आवडली. मला कोणी विचारलं नाही.

वही मी त्यांना टाईप करायला देऊन टाकली. मी ती उघडलेली नाही. तिचं अक्षर बघवत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहिली सहा पानं आली. पाटोळे लॅपटॉपवर एका बोटाने टाईप करतात, कोंबडी दाणे टिपते तसं.

कामाची पद्धत मी घालून दिली. भोसरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला काढली. तिथला पहिला नियम, ज्याने पीस बनवला त्याने तो तपासायचा नाही. स्वतःच्या हातची चूक डोळ्याला दिसत नाही. तेव्हा फ्लोराची पानं वहीशी ताडून पाटोळे तपासणार, कारण ती आमच्या घरची. पाटोळ्यांची पानं मी तपासणार. प्रत्येक पानाखाली लाल पेनाने ‘तपासले’ आणि सही. सहीशिवाय पान छापखान्यात जाणार नाही. पाटोळ्यांना हे इतकं पटलं की त्यांनी माझा हात दाबला. त्यांचे हात कायम ओलसर असतात.

म्हणाले, “झिराडकर साहेब, मला तुमच्या या डोळ्याची फार गरज आहे. आम्ही आमच्याच लोकांत बोलून बोलून बिघडलोय. कुठे काय टोचतं ते आम्हाला कळत नाही.”

मी पान एक वाचलं. ‘प्रियांनो’ने सुरुवात. पुढे ‘कृपेचे झरे’, ‘दयेचा सागर’, ‘प्रीतीची सावली’. एका पानात इतकं पाणी की वही ओली व्हावी. आणि शेवटी येशू. स्तोत्र मेंढपाळावर असो की शत्रूवर, शेवटी येशू येणारच. दाविदाला बिचाऱ्याला पत्ताही नसेल. दोन शब्द बदलले, सही केली. सहा पानांत वीट आला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सोसायटीच्या बाकावर पाटोळ्यांची गाठ पडली. म्हणाले, “बाईंनी काय सुंदर लिहिलंय, दरवाज्यावर. की आपण दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला हात लावून घरात येतो तेव्हा देव आत आहे म्हणून नाही, तर तो बाहेर उभा राहिला असेल तर त्याला आत येता यावं म्हणून.” त्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांच्या डोळ्यांत कशानेही पाणी येतं, मसाल्याच्या वासानेसुद्धा.

मला संताप आला. माझी बायको, एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि तिने काय लिहिलं ते हा गृहस्थ मला बाकावर बसून सांगतो. मी म्हणालो, “ठाऊक आहे मला.”

ठाऊक नव्हतं.

रविवार, ७ डिसेंबर

आजचा दिवस अंगावरून धुऊन काढता आला तर काढावा. दोनदा आंघोळ केली.

पाटोळ्यांचा एक जुना विद्यार्थी आहे, धनेश. आठवडाभर चाकणला कंपनीत सुपरवायझर, रविवारी तिथेच एका भाड्याच्या शेडमध्ये प्रार्थना चालवतो. पूर्वी त्या शेडमध्ये पॅकिंगच्या पेट्या बनायच्या. तो पुस्तकाच्या प्रती लोकांपर्यंत पोहोचवील, फक्त एकदा भेटायला या, असं पाटोळे म्हणाले. मी गेलो, दीनासाठी.

आत पत्र्याखाली दोनशे माणसं आणि लग्नाच्या बँडला लाजवतील असे स्पीकर. स्टेजवर मोठी मेनोरा, आमची सात फाट्यांची समई, तिच्यात लुकलुकणारे इलेक्ट्रिकचे दिवे. धनेशच्या खांद्यावर आमची प्रार्थनेची शाल, ताल्लीथ, गळ्याभोवती मफलरसारखी गुंडाळलेली. आमच्या बाबांची ताल्लीथ आम्ही त्यांच्याबरोबर पुरली. हा तिने घाम पुसत होता.

मला स्टेजवर चढवलं. माईकवरून म्हणाला, “हे अब्राहामाचं खरं रक्त, लोकहो. ओरिजिनल.” ओरिजिनल, जसा काही मी गाडीचा सुटा भाग. मग बायका पुढे येऊन माझ्या टोपीला, बाहीला, हाताला हात लावायला लागल्या. एकीने आपलं तापाचं मूल माझ्या मांडीवर ठेवलं. चार जणांनी सेल्फी काढले. मग कोणीतरी फायबरचं शिंग आणलं. आम्ही नव्या वर्षाला मेंढ्याच्या शिंगाचं शोफार वाजवतो, उभं राहून. इथे हे लोक म्हणतात, “अंकल, वाजवा ना, आशीर्वाद येतो.” धनेश पुढे सांगत होता की यहुदी लोक सगळे आपल्या देशात परतले की शेवट जवळ येईल आणि मग त्यांचेही डोळे उघडतील. म्हणजे मी यांच्या दृष्टीने गाडी सुटायच्या आधीची घंटा.

मी शिंग खाली ठेवलं आणि बाहेर आलो. पाटोळे आत राहिले होते, माईकपाशी धनेशला काहीतरी सांगत होते, हात हलवून. बहुतेक कौतुक करत असावेत. परत येताना रिक्षात म्हणाले, “मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, माणूस आहे तो, वस्तू नाही. माईक बंद केला त्याने माझा.” मी बाहेर तोंड करून बसलो. सगळे एकाच माळेचे मणी.

सोमवार, ८ डिसेंबर

उरलेली बावीस पानं पाटोळ्यांनी दारातून आत सरकवली होती. पहिल्याच कागदावर ‘प्रियांनो’ दिसलं आणि कालच्या शेडचा वास नाकात आला. घाम, अगरबत्ती आणि तेल. नाही वाचू शकलो. कशाला वाचायचं? तेच झरे, तेच सागर, शेवटी तोच. मजकूर कळला की तपासायचं काय उरतं?

टेबलाशी बसून बावीस सह्या ठोकल्या. तपासले, हा. झि. दहा मिनिटांत काम फत्ते. इंदुताई, पाटोळ्यांची बायको, कागद न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “इतक्या लवकर? हे तर म्हणत होते, झिराडकर साहेब एकेका ओळीचा कीस काढतात.” मी म्हटलं, अनुभव आहे.

बुधवार, १० डिसेंबर

पाटोळे वर आले. दारातच उभे. “पान चौदा तुम्ही तसंच ठेवलंत?”

“ठेवलं.”

“नक्की? पुन्हा एकदा बघता का?”

“पाटोळे, मी सही केलीय. एकतीस वर्षांत माझी सही झालेला माल कोणी परत उघडून बघितला नाही.”

 पाटोळे म्हणाले, “तुमचं मन फार मोठं आहे. मला वाटलं नव्हतं.” आणि पुन्हा डोळ्यांत पाणी. रुमालात नाक शिंकरत खाली गेले. मोठं मन कसलं, त्यांच्या चौदाव्या पानावर असेल एखादा जास्तीचा झरा. म्हातारपणी माणूस किती चिकट होतो.

गुरुवार, २५ डिसेंबर

इंदुताईंनी नाताळच्या करंज्या आणि डोनट पाठवले. फ्लोरा असताना ती आमच्या सणाला त्यांच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा पाठवायची. मी काही पाठवलं नाही. करंज्या मात्र संपवल्या.

मंगळवार, १३ जानेवारी २०२६

पुस्तकं आली. तीनशे प्रती, दोन खोकी. पाटोळ्यांनी धनेशला यातून काढून टाकलं आणि प्रती थेट आपल्या घरी उतरवून घेतल्या. कव्हर बरं आहे, निळं. आत फ्लोराचा फोटो. दहा प्रती मी वर आणल्या, एकीचा फोटो काढून दीनाला पाठवला. ती म्हणाली, सगळी पानं पाठव. बिल्डिंगखालच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतली आणि पाठवली.

बुधवार, १४ जानेवारी

दीनाचा फोन. आवाज असा की मला वाटलं तिकडे पुन्हा काही झालं, सायरन वगैरे.

“पप्पा, पान चौदा. तू वाचलंस?”

मी पुस्तक काढलं. डावीकडे फ्लोराचं दरवाज्यावरचं पान. त्याला लागून उजवीकडे पाटोळ्यांचं. मधोमध एक ओळ होती, ती इथे उतरवतो. ‘ज्या लोकांनी स्वतःच्या तारणाऱ्याला खिळे ठोकले, त्यांच्या दारातून देव केव्हाच उठून गेला आहे.’

माझ्या बायकोच्या दाराशेजारी.

दीना म्हणाली, “हे कोणी जाऊ दिलं?”

मी म्हणालो, “पाटोळ्याने लिहिलंय. त्यालाच विचारतो.”

गुरुवार, १५ जानेवारी

खाली गेलो. पाटोळे जेवत होते, भाताचा घास हातात. पुस्तक त्यांच्या ताटाशेजारी आपटलं.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. दोन हजार वर्षं तुम्ही हेच म्हणत आलात, असं म्हणालो. माझ्या बायकोने तुम्हाला भाऊ मानलं आणि तुम्ही तिच्या तोंडावर थुंकलात, असं म्हणालो. त्या शेडमधल्या धनेशची मला शिसारी येते, पण त्याने निदान तोंडावर केलं, तुम्ही छापून केलंत, असंही. इंदुताई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एकदा म्हणाल्या, “अहो, सांगा ना त्यांना.” पाटोळ्यांनी मान हलवून त्यांना गप्प केलं.

मग हात न धुता उभे राहिले आणि म्हणाले, “चूक माझी आहे. ओळ माझी आहे. सगळ्या प्रती मी परत घेतो.”

एवढंच. सफाई नाही, वाद नाही. असं पडखाऊ वागणं बघून मला जास्तच किळस आली. निदान भांडायचं तरी.

रविवार, १८ जानेवारी

इंदुताई माझ्या दहा प्रती न्यायला आल्या. पाटोळे स्वतः कुठे कुठे जाऊन वाटलेल्या प्रती परत मागून आणतायत म्हणे. चिंचवडला, तळेगावला, निगडीच्या त्यांच्या चर्चमध्ये. आज उपासनेनंतर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मी एका घराचा अपमान केलाय, पुस्तक परत द्या. काही लोक म्हणाले, त्यात काय चूक लिहिलंय, शास्त्रातच आहे. त्यांच्याशी भांडले. आता तिथले लोक बोलत नाहीत.

बरं झालं, असं मला वाटलं. तसंच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोज्वळपणा दाखवता येणार नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

काल वरसी झाली. पुण्याला सिनेगॉगमध्ये गेलो. काद्दिश या मृतासाठीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आठच जमले. शेवटी कोणीतरी दोघांना दुकानातून बोलावून आणलं. एक जण तर सारखा घड्याळ बघत होता. मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, फळं. वाटायला हातात पुस्तक नव्हतं. लोक म्हणाले, दीना म्हणत होती पुस्तक येणार आहे. मी म्हणालो, छापखान्याने घोळ घातला.

घरी आलो तर दाराबाहेर पाच फळांची पिशवी टांगलेली. कोणी ठेवली ते माहीत आहे. आत घेतली नाही. आज सकाळी केळ्यांवर चिलटं बसली होती.

शुक्रवार, ३० जानेवारी

पाटोळ्यांचं ठरलंय, चऱ्होलीला मुलाकडे राहायला जायचं. फ्लॅट भाड्याने देणार. इंदुताई दुपारी वर आल्या, हातात फ्लोराची वही आणि प्रुफांची फाईल. टेबलावर ठेवून म्हणाल्या, “यांनी सांगितलं होतं फाईल फाडून टाक. मी नाही फाडली. यांचं ऐकून मी आजवर पुष्कळ गप्प बसले.” आणि गेल्या.

फाईल उघडली. पान चौदा. त्या ओळीभोवती पेन्सिलीचा गोल, आणि समासात पाटोळ्यांचं बारीक अक्षर:

‘ही ओळ माझ्या वडिलांच्या प्रवचनातली. लहानपणापासून कानात आहे, त्यामुळे मला ती बरी की वाईट हे कळेनासं झालंय. बाईंचं दरवाज्याचं पान वाचल्यापासून रात्री झोप लागत नाही. काढायची तर माझ्या वडिलांना खोटं ठरवल्यासारखं होतं, ठेवायची तर तुमच्या घराला. माझ्यात निर्णय घ्यायची ताकद नाही. साहेब, तुम्ही वाचा. टोचली तर खोडून टाका, मला विचारूसुद्धा नका.’

त्याच्या खाली, लाल पेनाने, जरा तिरकं: तपासले, हा. झि.

पेन्सिलीच्या शेवटच्या शब्दावर माझ्या सहीची शेपटी आलीय.

कंपनीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. मी हात धुतले. पुन्हा धुतले. पंधरा दिवस ज्याला शिव्या घातल्या त्याने सगळ्यांसमोर मान खाली घातली आणि माझं नाव घेतलं नाही. आणि मी त्यांना ओलसर म्हणतो, चिकट म्हणतो. मला माझ्याच हाताची, या लाल पेनाची, या अक्षराची किळस येतेय. संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या नाहीत. फ्लोरा गेल्यापासून लावत होतो.

रविवार, १ फेब्रुवारी

दीनाला फोन लावला. म्हटलं, “ओळ पाटोळ्यांची, पण ती मी जाऊ दिली. त्यांनी विचारलं होतं. मी न वाचता सही केली.”

 ती म्हणाली, “एकाच पानावर?”

“बावीस.”

“आणि आईची पानं? ती वाचलीस?”

“ती पाटोळे तपासत होते.”

“मी तपासायचं विचारत नाहीये, पप्पा.”

 मी नाही म्हणालो. तिने फोन ठेवला. रागाने आदळला असता तर बरं वाटलं असतं, पण तिने हळूच ठेवला.

वही काखेत मारून खाली गेलो. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवली होती, पाटोळे बनियनवर, सुतळी तोंडात धरून गाठ मारत होते. मी म्हणालो, “फाईल बघितली.” त्यांनी तोंडातली सुतळी काढली, इंदुताईंकडे रागाने बघितलं. इंदुताई चहा ठेवायला आत गेल्या.

मला माफी मागायची होती. एक्काहत्तर वर्षांत सराव नाही. शेवटी म्हणालो, “तिने काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. पहिल्यापासून.”

“तुम्ही वाचा,” ते म्हणाले. “मी ऐकतो. मला पाठ आहे, चुकलात तर सांगेन.”

एका खोक्यावर मी बसलो, एकावर ते. वही उघडली. पहिल्या पानावर स्तोत्र नव्हतंच. तारीख होती, बारा वर्षांपूर्वीची, शुक्रवार. मी मोठ्याने वाचलं:

‘आजपासून लिहायचं ठरवलं. पहिलं पान हाईमला दाखवलं. त्याने हातात घेतलं, टीव्हीकडे बघतच चांगलं आहे म्हणाला आणि परत दिलं. त्याचं खरं आहे, दिवसभर तपासूनच दमलेला असतो. खाली पाटोळेभाऊ आहेत, त्यांना विचारून बघते.’

वही मांडीवर ठेवली. चहा आला, त्यावर साय धरली, कोणी प्यायलं नाही.

मी विचारलं, “हे पान पुस्तकात का नव्हतं?”

पाटोळे सुतळीची गाठ सोडत बसले. म्हणाले, “पुस्तक स्तोत्रांवर होतं ना. हे पान स्तोत्रावर नव्हतं, म्हणून सुटलं.”

दुसऱ्या पानावर नुसती आमच्या कोकणातल्या घरामागच्या विहिरीची हकीकत आहे. तिथेही स्तोत्र नाही. ते पान पुस्तकात होतं, अगदी सुरुवातीला; झेरॉक्सवाल्यापाशी स्कॅन होताना ‘विहीर’ नजरेला पडली होती. पाळक माणूस, आणि माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला.  पान उलटलं आणि वाचायला लागलो.